बाजूची सीट

मी संशयी बाई नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर तुमचं मत फिरणार आहे आणि मग माझी बाजू कुणी ऐकून घेणार नाही.

आमचं वर्कशॉप फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं आहे, आणि तेही जुन्या गाड्यांच्या. नव्या गाडीला कॉम्प्युटर लावला की ती आपलं दुखणं आपणच सांगते. जुनी गाडी नुसती कण्हते, आणि ते कण्हणं कुणाला तरी समजावं लागतं. आमच्या मिस्त्रींना ते समजायचं. मिस्त्री म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी त्यांना 'अहो' म्हणते, पण वर्कशॉपमध्ये सगळे मिस्त्री म्हणतात, म्हणून बोलताना माझ्याही तोंडात तेच येतं. गाडी फाटकातून आत वळतेय तोवर हे स्टुलावर बसल्या बसल्या म्हणायचे, 'तिसरा घसरतोय,' आणि उघडून बघावं तर तिसऱ्याच्याच क्लचप्लेटा जळून काळ्या झालेल्या. लांबून लोक यायचे ते ह्या कानासाठी.

काउंटर माझा. ऑइल, फिल्टर, सील, गॅस्केट, कुठल्या गाडीला काय लागतं ते मी डोळे मिटून काढून देते. पण माझं खरं काम ट्रायलचं. आमच्याकडे गाडी उघडायच्या आधी एकदा आणि जोडल्यावर एकदा रस्त्यावर न्यायची पद्धत आहे. हे चालवायचे आणि मी बाजूच्या सीटवर वही घेऊन बसायची. 'एकाचा दोन, वीसला. दोनाचा तीन, अडतीसला, झटका देऊन.' काटा बघायचा, मोठ्यानं सांगायचं, लिहायचं. लग्नानंतर फिरायला कुठं गेलात म्हणून कुणी विचारलं तर मी सांगते, गोदामांच्या मागच्या सरळ रस्त्याला, लोकांच्या बिघडलेल्या गाड्यांमधून. तेवीस वर्षं आमचं जे काही बोलणं झालं, जी भांडणं झाली, मुलीला शिकायला परदेशी पाठवायचं ठरलं, ते सगळं त्या सीटवर. घरात आम्ही फक्त जेवायचो आणि झोपायचो.

दोन वर्षांपूर्वी ह्यांनी मला नेणं बंद केलं. 'काउंटर मोकळा टाकून येऊ नकोस,' म्हणाले. तेवीस वर्षं मोकळा टाकला तेव्हा कुणी काउंटर उचलून नेला नव्हता. पण मी गप्प बसले. म्हणजे बसले नाही, महिनाभर धुसफुसले, भांडी आपटली. ह्यांच्यावर ढिम्म परिणाम नाही. माझ्या बोलण्याचा ह्यांच्यावर परिणाम होणंच हल्ली थांबलं होतं. काउंटरवरून हाक मारली तर वळायचे नाहीत. मागच्या खोलीत कुकरच्या सात सात शिट्ट्या व्हायच्या आणि हे शेजारी बसून पेपर वाचायचे. विचारलं तर, 'झाल्या का? लक्ष नव्हतं.' नणंदेला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, 'वहिनी, पन्नाशी उलटली की सगळ्याच नवऱ्यांना बायको ऐकू येईनाशी होते.' मीही हसले.

मग त्या बाई आल्या.

टेकडीवरच्या शाळेत गाणं शिकवायच्या. वयानं माझ्याच आसपास. केस पांढरे तसेच ठेवलेले, आणि ते शोभायचे, हे विशेष. मी दर महिन्याला रंग लावते आणि तरी कुणी काही म्हणत नाही. आवाज खर्जातला, भरदार, घाई नाही. बोलताना समोरच्याकडे नीट तोंड करून बोलायच्या, जणू तुम्ही एकटेच जगात आहात. मला ती सवय पहिल्या मिनिटालाच आवडली नाही.

गाडी त्यांच्या वडिलांची. जुनी, चार गिअरची ऑटोमॅटिक, पण जीव लावून ठेवलेली. 'शाळेचा चढ लागला की हिचं काहीतरी बिनसतं,' बाई म्हणाल्या. 'वरचा गिअर टाकते, काढते, परत टाकते. माझ्या पाचवीच्या वर्गासारखं, एक सूर धरून राहतच नाही.'

मी काउंटरमागून मनात म्हटलं, बाई, ओव्हरड्राइव्ह. जुन्या ऑटोमॅटिकच्या चौथ्या गिअरला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. सपाट रस्त्यावर तो पडला की इंजिन सावकाश फिरतं आणि गाडी मात्र तेवढ्याच वेगानं पळते. आवाज कमी, पेट्रोल कमी. पण चढाला तो पेलत नाही. गाडी तिसऱ्यात येते, जरा दम आला की परत चौथा टाकते, परत मागे येते. असं रोज चाललं की आतलं ऑइल तापून जळतं, आणि ऑइल जळलं की गिअरबॉक्सचे दिवस भरत आले समजा. ह्यावर उपाय केवढा, तर गिअरच्या दांड्याला बाजूनं, अंगठ्याखाली, एक बटण असतं ते चढाच्या आधी दाबायचं. समोर पिवळा दिवा लागतो, म्हणजे ओव्हरड्राइव्ह बंद झाला. चढ संपला की परत दाबायचं. दिवा विझला, झालं. हे सांगायला दोन मिनिटं पुरतात.

ह्यांनी इंजिन चालू ठेवून डिपस्टिक ओढली, ऑइल बोटावर घेऊन वास घेतला. लालच होतं, जळकट वास नव्हता. म्हणजे गाडी धडधाकट. तरी हे म्हणाले, 'चला, एक ट्रायल मारू.' आणि बाई माझ्या सीटवर जाऊन बसल्या.

चाळीस मिनिटं. मी घड्याळ बघत नव्हते, पण घड्याळ माझ्या समोरच आहे. परत आले तेव्हा हे हसत होते. ह्यांना मोठ्यानं हसताना मी किती दिवसांनी बघितलं, ते मोजायला गेले तर मोजता येईना.

'काय निघालं?' मी विचारलं.

'बघावं लागेल अजून. पुढच्या गुरुवारी बोलावलंय.' गुरुवारी बाईंची शाळा अर्धा दिवस असायची.

पुढचा गुरुवार तसाच गेला. पंचवीस वर्षं गिअरबॉक्स उघडणारा माणूस, ज्याला फाटकातून तिसरा घसरलेला कळतो, त्याला एक बटण सापडेना. तिसऱ्या गुरुवारी तर कहर झाला. बाईंची गाडी अंगणात उभी राहिली आणि हे त्यांना दाताच्या डॉक्टरांच्या गाडीत घेऊन ट्रायलला गेले. परक्या गिऱ्हाइकाच्या गाडीत. मी विचारलं, 'त्यांचं ह्या गाडीशी काय?' तर म्हणाले, 'सहज. दुसऱ्या गाड्यांचं कसं असतं ते कळावं त्यांना.' पंचवीस वर्षांत हे माझ्याशी इतकं वाईट खोटं कधी बोलले नव्हते. खोटं बोलायचीही सवय लागते, ती ह्यांना नव्हती.

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बाई काउंटरशी यायच्या, 'वहिनी, बरं आहे ना?' म्हणायच्या. मला वहिनी म्हणते म्हणजे ह्यांना भाऊ मानते असं कुणी म्हणेल. पण ह्यांना त्या भाऊ म्हणत नव्हत्या, मिस्त्री म्हणायच्या. हे माझ्या बरोबर लक्षात होतं. आणि सगळ्यात जे टोचायचं ते हे, की त्यांनी हाक मारली की हे वळायचे. पहिल्या हाकेला. खड्ड्यात, गाडीखाली असले तरी. मी गळा फाडला तरी मान हलायची नाही, आणि त्या खालच्या पट्टीत 'मिस्त्री' म्हणाल्या की हात पुसत बाहेर.

चौथ्या गुरुवारी मी डाव साधला. हे एका गाडीखाली व्हॉल्व्हबॉडी उघडून बसले होते. त्यातल्या स्प्रिंगा आणि छोट्या गोळ्या एकदा सुटल्या की माणसाला जागचं हलता येत नाही. बाई आल्या. मी चप्पल घातली आणि म्हटलं, 'आज ते अडकलेत. चला, मी येते.'

दोन वर्षांनी मी बाजूच्या सीटवर बसले. गाडी बाई चालवत होत्या. शाळेचा चढ दिसायला लागला तशी मी मनात वाक्य जुळवून ठेवलं, अगदी गोड आवाजातलं. 'बाई, तुमच्या अंगठ्याखाली एक बटण आहे' असं सुरू करणार, तेवढ्यात त्यांनी ते दाबलं. समोर पिवळा दिवा लागला. गाडी तिसऱ्यात आली आणि एका सुरात चढ चढायला लागली.

'तुम्हाला माहीत आहे?' मी म्हटलं.

'मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी दाखवलं.'

'मग तुम्ही दर गुरुवारी येता कशाला?'

चढ संपला, त्यांनी बटण परत दाबलं, दिवा विझला. मग म्हणाल्या, 'ते तुम्ही त्यांनाच विचारा, वहिनी. मी सांगणं बरोबर नाही.'

तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, 'मी कुणाला काही विचारणार नाही. गाडी चांगली आहे. तुम्ही यायचं बंद करा.'

'ठीक आहे,' त्या म्हणाल्या. भांडल्या नाहीत, लाजल्याही नाहीत. मला फाटकाशी सोडताना एवढंच म्हणाल्या, 'एकदा तुम्ही जा त्यांच्याबरोबर ट्रायलला. समोर तोंड करून बोला.' मला नवऱ्याशी बोलायचं कसं, ते आता ह्या शिकवणार. मी दार असं लावलं की त्यांच्या वडिलांच्या गाडीनं एवढ्या वर्षांत तसा आवाज ऐकला नसेल.

पुढच्या गुरुवारी बाई आल्या नाहीत. हे दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. त्याच्या पुढच्या गुरुवारी एकदाच गेले. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि सुरुवातीला वाटलंही. पण हे दिवसेंदिवस मिटत चालले. जेवताना ताटाकडे बघायचे. मी म्हटलं, झुरतोय माणूस. माझ्यासाठी कधी झुरला नाही, मी हाताशीच होते ना.

त्यात बेकरीची गाडी आली. पाव पोचवणारी जुनी व्हॅन, ऑटोमॅटिक. ड्रायव्हर म्हणाला, पन्नासच्या पुढं गेलं की घूं घूं आवाज येतो. मी ह्यांना म्हटलं, 'मी येऊ ट्रायलला?' हे पाठ करून हात धूत होते. उत्तर नाही. मी पुन्हा विचारलं, चढ्या आवाजात. वळून म्हणाले, 'नको गं. काउंटर बघ.' एकटेच गेले. परत आल्यावर व्हॅनमध्ये कितीतरी वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मग उतरले आणि म्हणाले, 'पंप गेलाय. गिअरबॉक्स उतरवायला लागेल.'

उतरवला. दोन दिवस लागले. पंप काढून टेबलावर ठेवला तर त्यावर एक ओरखडा नव्हता, नव्यासारखा लखलखीत. ह्यांनी तो तीनदा पुसून बघितला. सगळं परत जोडून गाडी दिली. चौथ्या दिवशी ड्रायव्हर काउंटरपाशी येऊन उभा राहिला.

'चाकाचं बेअरिंग होतं, मिस्त्री,' तो म्हणाला. भांडायला आला नव्हता, वाईट वाटून आला होता, ते जास्त लागलं. 'दुसऱ्या गॅरेजवाल्यानं चाक उचलून हातानं फिरवलं आणि सांगितलं. माझ्या आईला गाडीत बसवलं तर तीसुद्धा म्हणाली, आवाज मागून येतोय. तुम्हाला कसा नाही आला?'

तो गेला. हे जाऊन स्टुलावर बसले, भिंतीकडे तोंड करून.

आणि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, हे त्या बाईमुळं. तिच्या विचारात माणसाचं कामातलं लक्ष उडालं, पंचवीस वर्षांचं नाव मातीत गेलं, आणि ती तिकडे टेकडीवर गाणी म्हणतेय. मी काउंटरला कुलूप लावलं आणि तशीच शाळेत गेले.

गाण्याच्या वर्गात अर्धगोल मांडलेल्या खुर्च्या होत्या, पोरं नुकतीच गेलेली. बाई फळा पुसत होत्या. मी दारातूनच सुरू केलं. काय काय बोलले ते सगळं सांगण्यासारखं नाही. ह्या वयात, शिकवणारी बाई असून, दुसऱ्याच्या संसारात, वगैरे. त्यांनी मला संपू दिलं. मग एक खुर्ची ओढली.

'वहिनी, मिस्त्रींना ऐकू येत नाही.'

मी म्हटलं, 'काय बोलताय.'

'म्हणजे सगळंच जात नाही. जाड आवाज येतात. बारीक येत नाहीत.' त्या समोर बसल्या. 'पहिल्या ट्रायलला माझ्या गाडीतून एक बारीक शीळ येत होती, जुन्या पंपाची असते तेवढीच. मी विचारलं, ही शीळ कसली? ते म्हणाले, कुठली? मग माझ्या लक्षात आलं, मी खिडकीकडे बघून बोलले की त्यांचं उत्तर येत नाही. त्यांच्याकडे तोंड केलं की येतं. माझ्या वडिलांचं असंच झालं होतं, कारखान्यात. मी विचारलं, मिस्त्री, कधीपासून? त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि सांगितलं.'

'तुम्हाला सांगितलं.'

'मी विचारलं म्हणून सांगितलं. कुणाला सांगू नका म्हणाले. तुम्हाला तर नाहीच.'

आणि मग त्यांनी गुरुवारचं सांगितलं. सरळ रस्त्यावर साठचा वेग धरायचा. मग हे बटण दाबून ओव्हरड्राइव्ह बंद करायचे. गाडीचा वेग तोच राहतो, पण गिअर खालचा पडतो आणि इंजिनचे फेरे वाढतात. हे विचारायचे, 'सूर चढला की तिथंच राहिला?' चढला, तर दोष इंजिनच्या बाजूचा, इंजिनबरोबर फिरणाऱ्या पंपाचा. राहिला, तर मागचा, चाकांकडचा. 'मला गाडीतलं काही कळत नाही,' बाई म्हणाल्या. 'मी नुसता सूर सांगायची. दाताच्या डॉक्टरांच्या गाडीचा सूर चढला होता. त्यांचा पंपच निघाला ना?'

पंपच निघाला होता. मीच काढून दिला होता नवा, काउंटरवरून.

आणि बेकरीच्या गाडीत ह्यांच्या बाजूला कुणी नव्हतं. ज्या कानावर हे महिनाभर काम करत होते, तो कान मी स्वतः फाटकाबाहेर काढला होता.

मला ह्यांच्यासाठी वाईट वाटायला हवं होतं. ते वाटलं, पण नंतर. आधी जे वाटलं ते असं, की एका परक्या बाईला चाळीस मिनिटांत कळलं ते मला दोन वर्षांत कळलं नाही. लफडं असतं तर बरं झालं असतं असंसुद्धा क्षणभर मनात आलं. लफड्याला निदान शिव्या देता येतात. हिला काय म्हणणार? माझ्या नवऱ्याकडे माझ्यापेक्षा नीट बघितलंस म्हणून?

परत आले तेव्हा हे तसेच स्टुलावर होते, माझ्याकडे पाठ. मी दारात उभी राहून नेहमीच्या आवाजात म्हटलं, 'अहो, मी कायमची माहेरी चालले.' हे हातातली किल्ली पुसत राहिले. मी आणखी दोन पावलं जवळ जाऊन तेच म्हटलं. किल्ली पुसून झाली, दुसरी घेतली.

मग मी पुढून गेले आणि खोक्यावर त्यांच्या समोर बसले. त्यांनी वर बघितलं. डोळ्यांकडे नाही, माझ्या ओठांकडे. किती दिवस हे माझ्या ओठांकडे बघत होते कोण जाणे, मी बोलताना कधी त्यांच्याकडे वळलेच नव्हते. फिल्टर मोजताना बोलायची, भाजी चिरताना बोलायची, पाठमोरी.

'कधीपासून?' मी विचारलं.

त्यांना कळलं कशाबद्दल ते. किल्ली खाली ठेवली. 'दोन वर्षं. थोडं जास्तच.'

'मला का नाही सांगितलं?'

'कान गेलेल्या मिस्त्रीकडे गाडी कोण देणार?'

'ते गिऱ्हाइकांचं झालं. मी काय गिऱ्हाईक आहे?'

वर्कशॉपमध्ये पंखा फिरत होता, त्याची करकर मला पहिल्यांदाच जाणवली. ह्यांना ती येत होती की नाही कुणास ठाऊक.

'बारीक आवाज आधी जातात,' हे म्हणाले. 'कुकरची शिट्टी गेली. पंपाची शीळ गेली. पण सगळ्यात आधी तुझा गेला. तुझा आवाज बारीक आहे ना.' मग म्हणाले, 'ट्रायलला तू आकडे सांगायचीस, मला नुसते ओठ हलताना दिसायचे. रस्त्याकडे बघू का तुझ्याकडे? एकदा तू काहीतरी बोललीस आणि रडायला लागलीस. मी हो म्हटलं. काय म्हणाली होतीस ते मला अजून माहीत नाही. मग विचारायचीही लाज वाटली. म्हटलं, हिला गाडीत न्यायलाच नको.'

मला तो दिवस आठवत होता. गाडी कुठली होती तेही. पण तेव्हा मला सांगता आलं नाही. मी उठून चहा टाकला.

कानाच्या डॉक्टरकडे गेलो. यंत्र मिळालं. घरात बोलायला ते बरं आहे, वर्कशॉपमध्ये मात्र सगळंच एकदम गरजतं म्हणून हे काढून खिशात ठेवतात, आणि पंपाची शीळ त्यातूनही त्यांना ओळखता येत नाही. मी म्हटलं, मी येते, मी सांगते सूर. दोन गाड्या घेऊन गेलो. हे बटण दाबायचे, विचारायचे, 'चढला?' मला एकदा चढल्यासारखा वाटला, एकदा उतरल्यासारखा. मला सूर कधीच कळला नाही. मी अंगाई म्हटली की मुलगी झोपायची नाही, उठून बसायची. माझ्या भरवशावर राहिलो असतो तर अजून दोन गिअरबॉक्स विनाकारण खाली आले असते.

मग मी पुन्हा टेकडी चढले. ह्या खेपेला दारात उभी राहून काय बोलावं ते सुचत नव्हतं. शेवटी म्हटलं, 'बाई, गुरुवारी या. आणि मला एक शिकवा.'

गुरुवारी बाई आल्या. एका वकिलांची गाडी होती. हे चालवायला बसले. बाई मागचं दार उघडायला लागल्या. 'तुम्ही पुढं बसा, वहिनी.'

'नको,' मी म्हटलं. 'पुढून नीट ऐकू येतं. तुम्हीच बसा.' हे चार शब्द बोलायला मला आदल्या चार रात्रींची तयारी लागली होती. मी वही घेऊन मागं बसले. सरळ रस्त्याला साठ धरले, ह्यांनी बटण दाबलं, पिवळा दिवा लागला. 'चढला?' 'नाही, तिथंच राहिला,' बाई म्हणाल्या. मी लिहून घेतलं. मधेच त्या दोघांना कशाचं तरी हसू आलं. मला आतून जळलं, खोटं कशाला बोलू. अजूनही दर गुरुवारी जळतं.

बाईंना शाळेशी सोडलं. मी उतरून पुढं येऊन बसले. सीट अजून गरम होती, तेही मला आवडलं नाही.

उताराला लागलो. हे रस्त्याकडे बघत होते, यंत्र खिशात होतं. मी पाठ ताठ केली, हनुवटी जरा खाली घेतली आणि पोटातून आवाज काढला, जाड, सावकाश, जसा बाईंनी शिकवला होता तसा. हा आवाजसुद्धा त्यांचाच, म्हणून तोही मला आवडत नाही.

'त्या दिवशी गाडीत मी काय म्हणाले होते सांगू? पोरगी आता तिकडेच राहणार म्हणाली. मी म्हटलं होतं, आता आपण दोघंच.'

ह्यांनी माझ्याकडे वळून बघितलं नाही. नजर रस्त्यावरच होती.

'हो,' म्हणाले. 'दोघंच.'